घराखालची जागाही दाव्यात लिहा
(पाड्यावरच्या सभेतलं भाषण)



घरकुलाच्या यादीत आपलं नाव लागतं. मग पंचायतीत विचारतात, "जागेचा कागद कुठाय?" कागद कुठून आणायचा? पाडाच फॉरेस्टच्या जागेत. हप्ता अडकतो, अन् पावसाळ्यात आपण त्याच गळक्या कुडाच्या घरात.

आपण वनहक्काचे दावे भरले, पण बऱ्याच जणांनी फक्त शेताचा प्लॉट लिहिला. घर राहूनच गेलं. २००६ चा कायदा कसण्यासाठी आहे, तसाच राहण्यासाठीही आहे. दाव्याच्या नमुन्यात राहण्याची जागा वेगळी लिहायची असते, कसण्याची वेगळी. आपण दोन्ही लिहू. ज्यांचं घर राहिलं, त्यांनी वनहक्क समितीकडे दावा द्यायचा. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

रस्ता, पाण्याची पाइपलाइन, अंगणवाडी मागितली की म्हणतात, जंगल आहे. त्याच कायद्याचं कलम ३(२) दाखवू. अशा कामाला एक हेक्टरच्या आत जागा ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळते.

घरकुल कुणाला द्यायचं, हे पेसा कायद्यानं ग्रामसभेनं निवडायचं. म्हणून सभेला बायांनीही यायचं. आधी ज्याचं घर पडायला आलंय त्याचं नाव, मग आपलं.

मेहेरबानी नको, हक्क पाहिजे. जिंदाबाद!