कोअर किती, काम किती?

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण)



आम्ही राज्य शासनात उपयंत्री. शिक्षण पदविकेपर्यंत. संगणकाचे जाणकार म्हणून नव्हे, तर फसलेले गिऱ्हाईक म्हणून आपल्यापुढे उभे आहोत.

मुलीला स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन लॅपटॉप आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, दस कोर है, मक्खन चलेगा!" कचेरीतला आमचा संगणक चार कोअरचा. म्हणजे हा अडीचपट वेगवान, असा हिशेब आम्ही उभ्या उभ्या केला. घरी येऊन मोठा नकाशा उघडला, तर फरक जेमतेम. मुलगी काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा हात. आता मोदकांचे पाहा. सारण आणि उकड करायला एक तास. ते एकीनेच करायचे. एकटीने मोदक वळायला आणखी एक तास. वळायला आठ जणी बसल्या, तर १२० मिनिटांचे काम सुमारे ६७ मिनिटांवर येते. हात आठपट, पण वेग दुपटीहूनही कमी! जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. नकाशाच्या सॉफ्टवेअरमधले बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. व्हिडिओचे रूपांतर करण्यासारखे काम मात्र वाटून घेता येते. तिथे जास्त कोअर खरोखर उपयोगी पडतात.

शिवाय सगळे कोअर सारखे नसतात. आजच्या कित्येक लॅपटॉपमध्ये दहा कोअर म्हणजे दोन दमदार आणि आठ छोटे, वीज वाचवणारे. पाटीवर आकडा मात्र दहाच.

कोअर कशाला म्हणायचे, यावरही वाद झाला आहे. एएमडी कंपनीने २०११ मध्ये 'आठ कोअर'चे एफएक्स प्रोसेसर आणले. त्यात दर दोन कोअरमागे दशांश आकडेमोडीचा विभाग एकच, म्हणजे दोन सुना आणि पोळपाट एक. अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड झाली.

कामावर आम्ही सिमेंटची पोती मोजून काँक्रीट पास करत नाही. २८ दिवसांनी ठोकळा दाबून पाहतो. दुकानात मात्र पोतीच मोजून आलो! म्हणून एक विनंती. मुलांसाठी यंत्र घेताना त्यांची खरी फाइल पेनड्राइव्हवर न्या, तिथेच उघडा आणि घड्याळ लावा. एका कोअरचा वेग किती, मोठे कोअर किती, रॅम किती, एसएसडी आहे का, हे विचारा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. पैसे आपले आहेत.

रविवारी आम्हाला सुट्टी असते. मंडळातल्या कोणालाही सोबत हवी असेल, तर आनंदाने येऊ.

गणपती बाप्पा मोरया!