यादीची बेरीज आणि एक रिकामा रकाना

आज अगदी पहिल्या धड्यातला विषय घेऊ: यादीतल्या आकड्यांची बेरीज. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, हिवरे बाजारचं.

पोपटराव पवारांचं हे गाव पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. म्हणजे इथे बेरीज चुकली तर फटका थेट शेताला बसतो.

सरावासाठी पाच दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये धरू: १२, ०, ८, २५, ५. हे आकडे माझे, गावाचे नाहीत. 'एकूण' नावाचा व्हेरिएबल घ्या, त्यात ० ठेवा. मग फॉर लूप लावून एकेक आकडा त्यात मिळवत जा. एकूण असं सरकेल: १२, १२, २०, ४५, ५०. ते सुरुवातीचं ० लूपच्या बाहेरच हवं बरं का! आत लिहिलं तर प्रत्येक फेरीत पाटी कोरी होते आणि शेवटी हातात फक्त ५ उरतात.

इथवर सोपं आहे. पण चौथ्या दिवशी कुणी पाऊस मोजलाच नाही तर? त्या जागी 'नन' असेल, तर साधं पायथन एरर देऊन थांबतं. ते बरंच म्हणायचं. पांडास मात्र रिकामी नोंद गुपचूप वगळून २५ हे उत्तर देतं. नवशिके बऱ्याचदा तिथे ० भरून मोकळे होतात, तरी उत्तर २५च. पाऊस पडला होता ५०!

'पडला नाही' आणि 'मोजला नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा २५वर विसंबलं, तर पाणी असूनही रब्बीचं रान पडीक राहील. विहिरीच्या उपशाची यादी असेल तर उलटं होतं: उपसा कमी दिसतो, आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठते.

म्हणून नुसती बेरीज छापू नका. त्याच लूपमध्ये नोंदी मोजणारा दुसरा व्हेरिएबल ठेवा आणि असं छापा: 'एकूण २५ मिमी, ५ पैकी ४ नोंदी.' कोड दोन-तीन ओळींनी वाढेल. पण समोरचा माणूस लगेच विचारेल, "राहिलेला तो दिवस कुठला?" पेरणीच्या आधी हा प्रश्न निघायलाच हवा.

करून बघा. भेटू पुढच्या भागात!