दुखण्याची गोळी : किती म्हणजे जास्त?

आम्ही अंबडच्या महिला बचत गटातून बोलतोय. आज हप्ता, व्याज आणि कर्जाचा विषय नाही. आजचा हिशोब आपल्या पर्समधल्या गोळ्यांचा आहे.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणी एमआयडीसीत कामाला जातात. कुणी पॅकिंगला, कुणी वायरिंगच्या टेबलावर, कुणी कॅन्टीनमध्ये. आठ तास उभं राहायचं आणि घरी आलं की ओट्यापाशी पुन्हा उभं राहायचं. डोकं दुखतं, कंबर दुखते, पाळीत ओटीपोट दुखतं. घरी राहिलं तर खाडा पडतो. मग एक गोळी घेतली की दिवस निघतो. यात कुणी काही वाईट करतंय असं आम्ही म्हणत नाही. दुखणं खरं आहे आणि गोळीही उपयोगाची आहे. प्रश्न एवढाच, की किती म्हणजे जास्त?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तरं आली : "कधीतरी घेते", "लागली तरच घेते", "रोज नाही बाई घेत". कुणी खोटं बोलत नव्हतं. पण "कधीतरी" हे काही माप नाही. "मी हप्ता कधीतरी भरते" असं कुणी म्हटलं, तर आपण वहीत काय लिहिणार?

डोकेदुखीच्या बाबतीत डॉक्टरांनी माप ठरवून ठेवलं आहे. डोकेदुखीच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली जे वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्या चालू आहेत, अशा वेळी दोन आकडे बघायचे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतली, तर तो अतिवापर. कॅफिन, कोडीन किंवा ट्रामाडोल मिसळलेली गोळी असेल, तर १० दिवसांतच अतिवापर होतो.

इथे एक गोष्ट नीट ऐका. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एखादीने महिन्यातून दोनच दिवस, पण दिवसाला तीन गोळ्या घेतल्या, तर तिचे दिवस दोन. दुसरी रोज सकाळी डबा भरताना अर्धीच गोळी घेते, तर तिचे दिवस तीस. आपल्याला वाटतं अर्धी गोळी म्हणजे काहीच नाही. पण रोजच्या गोळीची डोक्याला सवय होते, तिचा अंमल उतरला की डोकं पुन्हा ठणकतं, आणि त्यासाठी पुन्हा गोळी घ्यावी लागते. आधी दुखण्यासाठी गोळी असते, पुढे गोळीमुळेच दुखणं सुरू होतं.

मोजायला वेगळी वही नको. भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. त्यावर आपण दुधाचा खाडा लिहितो, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो. त्याच चौकटीत दुखलं त्या दिवशी टिंब द्यायचं आणि गोळी घेतली त्या दिवशी फुली मारायची. शेजारी गोळीचं नाव लिहायचं. महिना संपला की फुल्या मोजायच्या.

आमच्या गटातल्या पॅकिंगला जाणाऱ्या एका ताईंनी असं केलं. त्या "कधीतरी" वाल्या होत्या. महिनाअखेरीला फुल्या निघाल्या १९. ते पान घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं आणि चष्म्याचा नंबरही. गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा डोकं आधीपेक्षा जास्त दुखलं. डॉक्टरांनी तसं होईल हे आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी धीर धरला. आता त्यांच्या महिन्यात तीन-चार फुल्या असतात.

कंबर, गुडघे, सांधे यांच्या दुखण्याला १५ दिवसांचं हे माप लागू नाही. तिथे धोका पोटाला आणि किडनीला असतो. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेलं, त्यात बीपी किंवा शुगर, अशा बाईला हा धोका जास्त. पॅरासिटामॉलचा भार यकृतावर येतो. सुदृढ मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची, म्हणजे ४ ग्रॅमची, दिवसाची मर्यादा कधीही ओलांडू नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते.

आपल्यासारखीच एक कामगारांची वस्ती स्वीडनमध्ये होती, हुस्क्वार्ना नावाची. तिथल्या कारखान्यात शिलाई मशीनही तयार होत. फेनासेटिन असलेली डोकेदुखीची पावडर तिथले कामगार वर्षानुवर्षं रोज घेत, कामाला दम राहावा म्हणून. पुढे त्यांच्यात किडनीच्या विकाराने मृत्यू वाढले. ग्रिमलुंड नावाच्या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला आणि १९६३ साली तो प्रसिद्ध झाला. फेनासेटिन पुढे बहुतेक देशांत बंद झालं, आपल्या आजच्या गोळ्यांत ते नाही. पण हे लोक व्यसनी नव्हते, कामावर जाणारे होते, एवढं लक्षात ठेवू या. अशा रुग्णांनी आयुष्यात घेतलेल्या औषधाचं वजन डॉक्टर किलोत मोजत. ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घेतल्या, तर तीन वर्षांत एक किलोच्या वर जातात. वाण्याकडून किलोभर साखर आणताना आपण काटा बघतो. इथे काटा कुणी बघत नाही.

मेडिकलमधून गोळी घेताना स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. नावं तीन वेगळी असतात आणि सर्दीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या तिन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉलच निघतं. स्ट्रिपवर लाल रेघ असेल, तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. किराणा दुकानातली सुटी गोळी तर नकोच, तिच्यावर वाचायला काही नसतं.

फुल्या जास्त निघाल्या तर घाबरू नका आणि लपवूही नका. कालनिर्णयाचं पान आणि रिकाम्या स्ट्रिप घेऊन दवाखान्यात जा. कामगार विम्याचं कार्ड असेल तर ते वापरा, त्याचे पैसे पगारातून कापले जातात. हिमोग्लोबिन, बीपी, शुगर आणि डोळे तपासून घ्या. कोडीन किंवा ट्रामाडोलची गोळी बरेच दिवस चालू असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शी काळी होत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा पायांवर सूज असेल, तर महिना संपायची वाट बघू नका. डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आणखी एक. दिवसभर उभं राहून कंबर धरत असेल, तर त्यावर गोळी हा इलाज नाही. उभ्याने काम करणाऱ्यांना, काम थांबेल तेव्हा टेकायला बसण्याची सोय असावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. ती एकटीने मागायला अवघड जाते. दहा जणींनी मिळून मागितली, तर सुपरवायझरला ऐकावं लागतं. बचत गट आपण त्यासाठीच केला.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या एक तारखेपासून कालनिर्णयावर टिंब आणि फुली सुरू करा. पुढच्या बैठकीला पासबुकाबरोबर ते पानही घेऊन या.