चित्रातल्या बाईला लुगडं कोण नेसवतं?

(इन्सुली, ता. सावंतवाडी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय 'किशोरी मुली आणि आपण' असा आहे. मी लवकर होणाऱ्या लग्नांवर, शाळा सुटण्यावर, रक्तक्षयावर बोलेन अशी अपेक्षा असणार. त्यावर आपण नेहमी बोलतो, पुढेही बोलायचंच आहे. पण आज मी मुलींच्या चित्रांबद्दल बोलणार आहे. "एवढे प्रश्न असताना चित्रं कसली?" असं कुणाच्या मनात आलं तर ते साहजिक आहे. माझ्याही मनात आलं होतं.

रविवारी आमच्याकडे गावातल्या दहा-बारा मुली जमतात. समाजकार्याच्या अभ्यासात आम्हांला शिकवलं होतं, की मुली बोलत नसतील तर त्यांना चित्रं काढायला द्या, मग त्या बोलू लागतात. म्हणून मी कागद आणि रंग ठेवले. माझ्या दृष्टीनं ते बोलतं करण्याचं साधन होतं. मुलींच्या दृष्टीनं चित्र हेच काम होतं, आणि माझे प्रश्न हा त्यातला व्यत्यय!

त्या काय काढतात? कार्टूनमधल्या, मोबाइलवरच्या खेळातल्या नायिका. आवडत्या पात्राचं चित्र आपल्या परीनं काढायचं, त्याला नवे कपडे, नवी शस्त्रं, नवं गाव द्यायचं. याला त्या 'फॅन आर्ट' म्हणतात. जगभर मुलं-मुली हे करतात. एकदा एका मुलीनं मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. नायिका नेहमीचीच, मोठ्या डोळ्यांची. पण तिचा पोशाख कंबोडियातल्या ख्मेर लोकांचा होता. मुलगी म्हणाली, "ताई, हिना आमच्या आजयेसारखो काष्टो मारलोहा!"

मी नीट पाहिलं, आणि नंतर वाचलंही. ख्मेर पोशाखात कमरेखाली गुंडाळायच्या वस्त्राला 'सम्पोत' म्हणतात. त्याचा एक प्रकार 'सम्पोत चांग क्बेन'. साधारण तीन मीटर लांबीचं कापड कमरेभोवती घ्यायचं, दोन्ही टोकं पुढे एकत्र पिळायची, ती गुंडाळी दोन पायांमधून मागे न्यायची आणि कमरपट्ट्यात खोचायची. झाला काष्टा! तिकडे तो बायकाही नेसतात आणि पुरुषही. आपल्याकडे पुरुषाचं धोतर आणि बाईचं लुगडं दोन्हींना काष्टा असतो, तसंच. शिवण नाही, बटण नाही, आणि पाय मोकळे. ज्या बाईला बसायचं, उठायचं, वाकायचं, चालायचं आहे तिचं हे वस्त्र.

त्या पोशाखाची गोष्ट आपल्याला उपयोगाची आहे, म्हणून थोडी सांगते. अंगकोर वाटच्या भिंतींवर दगडात कोरलेल्या सतराशेहून अधिक देवता आहेत. प्रत्येकीचा केशसंभार, दागिने, वस्त्राचा घोळ यांत काही ना काही वेगळं आहे. साफो मार्शाल नावाच्या एका तरुण फ्रेंच मुलीनं त्या बारकाईनं पाहून त्यांच्या पोशाखांची आणि केशरचनांची रेखाचित्रं काढली. तिचं पुस्तक १९२७ साली निघालं. पुढे राणी कोसामाक यांनी या शिल्पांवरून अप्सरा नृत्य बसवलं. त्यात प्रमुख अप्सरा झाली त्यांची नात, राजकुमारी नोरोदोम बुप्फा देवी (१९४३-२०१९). दगडातल्या देवतांचं वरचं अंग उघडं आहे. नृत्यासाठी अंगासरशी बसणारी चोळी आली. म्हणजे आज जगाला ख्मेर परंपरा म्हणून जो पोशाख माहीत आहे, त्यातला बराचसा गेल्या शतकात, एका बाईच्या देखरेखीखाली ठरला. परंपरा आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी ठरवतं.

आणि कुणीतरी पुसूही शकतं. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूजची राजवट आली. सगळ्यांना काळे कपडे. रंग, दागिने, नाच, सगळं बंद. जानेवारी १९७९ पर्यंत १५ ते २० लाख माणसं उपासमारीनं, आजारानं आणि कत्तलीत मेली. त्यांत दरबारी नृत्यातले बहुतेक कलावंत गेले. ज्या थोड्या जणी उरल्या, त्यांनी आठवणीतून हातांच्या मुद्रा आणि पोशाख पुन्हा उभे केले, निर्वासितांच्या छावण्यांतसुद्धा. आज कंबोडियातली मुलगी आपल्या लाडक्या नायिकेला सम्पोत नेसवते तेव्हा तिच्या मागे हे सगळं असतं. ती गंमत म्हणून काढत असेल, पण ती गंमत स्वस्तात मिळालेली नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे चित्रातल्या, नाटकातल्या बाईला लुगडं कुणी नेसवलं?

सावंतवाडीचे गंजिफा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं. दहा पानं आकड्यांची, एक राजा, एक प्रधान. राणी नाहीच! इतकी वर्षं आपण हा खेळ कौतुकानं दाखवतो, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. एका मुलीनं विचारलं तेव्हा आलं. आणि ही कला मरणपंथाला लागली होती तेव्हा ती वाचवण्यासाठी स्वतः रंग-कुंचला घेऊन बसल्या त्या सावंतवाडीच्या राणीसाहेब, सत्त्वशीलादेवी भोसले. पत्त्यांत राणी नाही, पण पत्ते वाचवले राणीनं.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी घ्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे. पण चित्रांची पोथी मांडून सीतेची, द्रौपदीची कथा गाणारे परंपरेनं पुरुषच. दशावतारात रात्रभर राण्या आणि नायिका रंगमंचावर येतात. लुगड्याच्या आत पुरुष असतो. संगीत नाटकाच्या काळात बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) नेसण्यावरून, केसांवरून घरंदाज बायका आपली फॅशन ठरवत. राजा रविवर्म्यानं पुराणातल्या कितीतरी नायिकांना आपल्याकडच्या पद्धतीची साडी दिली, १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून देवींची चित्रं घरोघर गेली, आणि देवी अशीच दिसते असं आपण धरून चाललो.

या कलावंतांना मी कमी लेखत नाही. दशावतारातल्या नायिकेचं रडणं पाहून मीही रडले आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाई कशी दिसावी हे ठरवणारा हात आपल्याकडे बहुतेक वेळा पुरुषाचा होता. आज पहिल्यांदाच तेरा-चौदा वर्षांच्या मुली, कुणी न सांगता, ते ठरवू पाहताहेत. म्हणून ही चित्रं मला महत्त्वाची वाटतात.

तर त्या मुलीनं आपल्या नायिकेला आजीचं लुगडं नेसवायचं ठरवलं. पहिलं चित्र आलं ते असं: गोरीपान, कंबर मुठीत मावेल एवढी, काष्टा आखूड चड्डीसारखा, पदर वाऱ्यावर. आम्ही त्यावर बोललो. "ही लावणीला उतरली तर काय होईल?" असं मी विचारलं. मुली हसल्या. मग ती घरी आजीकडे गेली आणि आजीला नेसून दाखवायला सांगितलं. आजी म्हणाली, "काष्टो घट मारूक व्हयो, नायतर चिखलात कसा उतरतलंस?"

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. लावणीला ते गुडघ्यापर्यंत वर घ्यायचं. पदर कमरेला आवळून खोचायचा. ओच्यात पान-सुपारीपासून पैशांपर्यंत सगळं. डोक्यावर इरलं. कमरेला कोयती. दुसऱ्या चित्रात हे सगळं आलं. नायिका सावळी झाली, पोटऱ्या भरदार झाल्या, इरलं पाठीवर चिलखतासारखं दिसू लागलं. ती सुंदर होती, आणि ती काहीतरी करू शकेल असं वाटत होतं. कपडे खरे काढले तर आतलं शरीरही खरं काढावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. गटातली एक मुलगी लुगडं काढायला तयार होईना. तिनं शर्ट-पँट घातलेली नायिका काढली. "माझी आजी कसं नेसायची ते मला काढायचं नाही," एवढंच म्हणाली. मी आग्रह करणार होते, नशीब, थांबले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांसमोर भाषण केलं. जात ओळखू येईल असं नेसणं आणि ते जडशीळ दागिने सोडा, वरच्या जातीच्या बायकांसारखं लुगडं नेसा, असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं. म्हणजे ज्या वर्षी साफो मार्शालचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी आपल्या कोकणात बायका जुनं नेसणं टाकून माणूस म्हणून उभ्या राहत होत्या. गुडघ्यावरचं लुगडं एकीला कष्टाची आठवण असेल, दुसरीला ते सक्तीचं आखूड असेल. 'पारंपरिक पोशाख दिन' साजरा करताना आपण हे विसरतो. परंपरा टाकणं हीसुद्धा बायकांची परंपरा आहे.

पलीकडे गोव्यात पाहा. १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानानं ख्रिस्ती झालेल्या बायकांची चोळी आणि पुरुषांचं पुडवें यांवर बंदी आली होती. कुणबी-गावडा बायकांचं चौकटीचं, गुडघ्यापर्यंतचं, खांद्यावर गाठ मारलेलं कापड शेतात राबणाऱ्यांचं म्हणून हिणवलं गेलं. अलीकडे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०-२०२०) यांनी ते विणकरांकडून पुन्हा विणवून घेतलं, फॅशनच्या मंचावर नेलं. चांगलंच झालं, हातमागाला काम मिळालं. पण मंचावर ज्याला टाळ्या मिळाल्या ते अंगावर घेऊन रोपं लावणाऱ्या बाईला काय मिळालं, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

आणि तो विचारताना बोट आपल्याकडेही वळतं. आता माझी चूक सांगते.

इरलंवालीचं ते चित्र मला इतकं आवडलं, की मी ते ८ मार्चच्या आमच्या पोस्टरवर घातलं. मुलीला विचारलं; ती खूश झाली. आजीला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. चेहरा नायिकेचा होता, पण नेसणं, उभं राहणं, गालावरचा तीळसुद्धा आजीचा होता. वाडीत सगळ्यांनी ओळखलं. घरातल्या पुरुषांनी आरडाओरडा केला, की घरच्या बाईच्या तंगड्या भिंतीवर लावल्या. मुलीची वही काढून घेतली. तिचं रविवारी येणं बंद झालं.

मी समजूत घालायला गेले, मनात भाषण तयार ठेवून: श्रम करणाऱ्या बाईच्या शरीरात लाज कसली वगैरे. आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लाज नाय गो. पण माका इचारलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाहिरातवाले विचारत नाहीत, सिनेमावाले विचारत नाहीत, म्हणून आपण इतकी वर्षं त्यांच्याशी भांडलो. आणि आपल्या पोस्टरवरची ती नेहमीची बाई, काष्टा मारलेली, मूठ वळलेली, ती कोण असते? आपल्यातल्या कितीजणी तसं नेसतात? आपणही तिला नेसवतोच की, न विचारता.

पोस्टर मी उतरवलं. तीन आठवड्यांनी आजी स्वतः मुलीला घेऊन आली. घरी तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. वही परत मिळाली, पण मुलगी आता घरच्या कुणाचं चित्र काढत नाही. ते नुकसान माझ्यामुळे झालं आहे, आणि ते भरून येईल की नाही हे मी सांगू शकत नाही.

यातून आमच्या रविवारच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या. मुलींनीच ठरवल्या, मी फक्त लिहून घेतल्या. जिचा पोशाख काढायचा तिच्याकडून नेसणं शिकायचं, आणि चित्र आधी तिला दाखवायचं. ती नको म्हणाली तर चित्र वहीतच राहील. ज्या समाजाचा पोशाख आहे त्याचं नाव चित्राखाली लिहायचं. 'पारंपरिक' एवढंच लिहून भागणार नाही. दूरच्या देशाचा पोशाख काढायचा तर तो कोण नेसतं, कधी नेसतं, हे आधी वाचायचं. आणि जिला लुगडं काढायचं नाही, तिच्यावर सक्ती नाही.

तुमच्या तुमच्या गटांत मुलींना कागद द्या, एवढीच माझी विनंती आहे. त्यांच्या नायिका पाहून हसू नका, आणि घाईनं पोस्टरवरही लावू नका. सध्या आमच्या मुली गंजिफाचं तेरावं पान काढताहेत, राणीचं. ती काय नेसेल यावर तीन रविवार वाद चालू आहे. मी त्यात तोंड घातलेलं नाही.