‘स्वतःची काळजी घ्या’ : कोणी आणि कशाने?

(चांदूर बाजार येथे बचत गटांतल्या स्त्रिया व अंगणवाडी सेविकांसमोर केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मला ‘महिलांचा आहार व पोषण’ यावर बोलायला सांगितलं आहे. पण कोणत्या भाजीत लोह असतं हे मी सांगणार नाही. घोळ कधी उगवते, तरोटा कोवळा असताना कसा खुडायचा, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या का घालायच्या, हे तुम्हीच मला शिकवाल. मी आज शब्दांबद्दल बोलणार आहे.

बाई दवाखान्यात जाते. डॉक्टर विचारतात, “काय होते?” ती म्हणते, “काही नाही, थोडं अशक्त वाटते.” हे ‘अशक्त’ म्हणजे झाकण आहे. खाली काय काय असतं? चक्कर, धाप, अंगावर पांढरं जाणं, पाळीत फार जाणं, कंबर, झोप नसणं आणि कधीकधी नवऱ्याचा मार. झाकण कोणी उघडत नाही. ‘ताकदीची’ म्हणून सलाइनची बाटली लागते, पैसे जातात, बाई घरी येऊन चूल पेटवते.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं जवळजवळ प्रत्येकीला होतं, पण कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं नाही की सांगायचे शब्दही तोंडातल्या तोंडात राहतात.

दुसरा शब्द, ‘रक्त कमी’. पुस्तकात त्याला रक्तक्षय किंवा रक्तपांढरी म्हणतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की रक्तपांढरी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया यात निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत त्या ४८ टक्के होत्या. एवढी पोस्टरं लागली, एवढे पोषण महिने साजरे झाले, आणि आकडा वर गेला! मग कारण काय लिहितात? ‘आहाराविषयी अज्ञान’, ‘गोळ्या घेण्यास टाळाटाळ’. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, हे आधी नीट सांगितलं असतं तर किती जणींनी ती सोडली नसती! पण ‘टाळाटाळ’ म्हटलं की दोष बाईचा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशोबाप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी येणाऱ्या बाईला २९. म्हणजे भाजी-वरणाचा पहिला वाढा कोणाचा हवा? आपल्याकडे पंगत उलटी बसते. आधी माणसं, मग पोरं, मग सासू, शेवटी भांडं पुसून घेणारी. याला ‘अज्ञान’ म्हणायचं का?

‘रक्त कमी’ या शब्दात आणखी एक धोका आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. तिथेही रक्त कमीच असतं, पण कारण वेगळं आणि उपचार वेगळा. तपासणी न करता नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणं बरं नाही. तेव्हा “रक्त कमी आहे” असं कोणी म्हणालं की पुढे विचारायचं, “कशाने? सिकलसेलची तपासणी झाली का?” सेविकाताई, हे तुमच्यासाठीही.

आता मोबाइलवर नवे शब्द आले आहेत. ‘वेलनेस’, ‘सेल्फ-केअर’, ‘स्वतःसाठी वेळ काढा’. मी त्यांची थट्टा करत नाही. बाईला विसावा हवाच, आणि तो मागताना लाजायचं कारण नाही. पण वेळ काढायचा कुठून? कापूस किलोवर वेचणारीने तासभर काढला तर तेवढी मजुरी गेली. या तालुक्यात बगीचे संत्र्यांनी लदलेले असतात. भाजी-भाकरीबरोबर संत्रं खाल्लं तर अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. हे खरं आहे, उपयोगाचंही आहे. पण संत्रं निवडून पेट्या भरणारीच्या पदरात गळालेली, डागी फळंच पडत असतील तर तिला ‘फळे खा’ सांगणाऱ्याने आधी मालकाशी बोलावं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या बायकांनी एकत्र बसून आपल्या शरीरावर पुस्तक तयार केलं, तेव्हा स्वतःची काळजी हे सगळ्यांनी मिळून करायचं काम होतं. आता ते एकटीने विकत घ्यायचं झालं आहे. डबीत, पुडीत.

इथून परतवाड्यावरून घाट चढलं की मेळघाट. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून शब्दांचीच भांडणं जास्त झाली. पोर न्यूमोनियाने गेलं की कुपोषणाने? ‘भूक’ हा शब्द मात्र कोणत्याही तक्त्यात नाही. २०१५ च्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांसाठी एकवेळच्या ‘चौरस आहारा’ची तरतूद झाली. शब्द चांगला आहे. पण रजिस्टरमध्ये ती बाई ‘लाभार्थी’. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेचा आहार हा हक्क केला, तोही साऱ्या देशात. लाभार्थी उपकार मानते, हक्कदार जाब विचारते. डबा आला नाही तर कोणत्या नावाने तक्रार करायची, ते ठरवून घ्या.

आणि गटात एक प्रश्न बदलून बघा. “नीट जेवता ना?” असं विचारलं की सगळ्या “हो” म्हणतात. त्याऐवजी विचारा, “काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं? तेव्हा वरण किती उरलं होतं?”

माझ्यापासून सुरू करते. काल मी इथेच एका मैत्रिणीकडे उतरले. पाहुणी म्हणून पहिल्या पंगतीत जेवले, भाजी दोनदा घेतली. घरची सून शेवटी बसली. तिला काय उरलं होतं, ते मी विचारलं नाही.