आईला सांगू द्या



आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळाला घेऊन मुलगी तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात सासरी येते. नेमकं चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ पालथं पडायला शिकतं. माहेरी जमिनीवर गोधडीत वाढलेलं बाळ सासरी येऊन पलंगावर निजतं. कालपर्यंत जिथे ठेवलं तिथेच सापडणारं ते लेकरू आज एक कूस बदलतं आणि खाली येतं. बालरोगतज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या गावी काम करताना अशी पडलेली बाळं मी सतत बघते. बहुतेकांच्या कपाळावर टेंगूळ असतं, तपासताना ती माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढत असतात आणि मी त्यांना निर्धास्तपणे घरी पाठवते. आज मला त्या बाळांबद्दल थोडं आणि त्यांच्या आयांबद्दल जास्त बोलायचं आहे.

बाळ तपासायला येतं ते आजीच्या कडेवर. बाबांच्या हातात फाईल, सोबत आत्या किंवा काकू. आई सगळ्यांच्या मागे, रडून डोळे सुजलेले. मी विचारते, "कसं पडलं?" उत्तर आजीकडून येतं, "हिचं लक्ष कुठे असतं, विचारा तिलाच." बाबा सांगतात, "मी कामावर होतो." बाळ पडलं तेव्हा यांच्यापैकी कोणीच खोलीत नव्हतं. जी होती ती मान खाली घालून उभी असते.

मला उत्तर हवं असतं ते तिचं. किती उंचीवरून पडलं? खाली काय होतं, शहाबादी फरशी की सतरंजी? डोक्याचा कुठला भाग आपटला? लगेच रडलं, की थोडा वेळ निपचित होतं? नंतर अंगावर प्यायलं का? या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा सगळा निर्णय ठरतो.

हे मी नुसतं अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेतल्या पंचवीस रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कोणत्या मुलाला सीटी स्कॅनची गरज नाही, हे ठरवायचे निकष त्यातून मिळाले. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी असे सहा निकष आहेत. बाळाची शुद्ध, कवटीला हाताला लागणारं फ्रॅक्चर, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेली सूज, पाच सेकंद किंवा जास्त वेळ हरपलेलं भान, तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडण्यासारखा जोराचा मार, आणि सहावा निकष असा: पालकांच्या मते बाळ नेहमीसारखं वागत नाही.

या सहाव्या निकषापाशी मी थांबते. एवढ्या मोठ्या अभ्यासातून निघालेल्या यादीत आईवडिलांच्या शब्दाला कवटीच्या फ्रॅक्चरशेजारी जागा मिळाली आहे. मी बाळाला दहा मिनिटं बघते. ते रोज या वेळी कसं असतं, आईला बघून कसे हातपाय झाडतं, हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही. ते दिवसरात्र त्याच्याजवळ असणारीला ठाऊक असतं. म्हणून "हे असं कधी करत नाही हो," असं आई म्हणाली की मी बाळाला पुन्हा तपासते, थांबवून ठेवते.

पण घरी आधीच बोल लागलेले असतील तर ती हे बोलणार कशी? काही आया भीतीपोटी पडलेलंच लपवतात. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या की बाळ पोटाच्या तक्रारीसाठी आणलं जातं, आणि दुपारी ते पडलं होतं हे कोणी सांगत नाही. काही जणी उंची कमी करून सांगतात, ओट्यावरून पडलेलं बाळ मांडीवरून घसरलं म्हणतात. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी सूज जुळली नाही, की मला अशा तपासण्या कराव्या लागतात ज्या खऱ्या हकिकतीने कदाचित टळल्या असत्या. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, आणि तान्ह्या बाळाला तो विनाकारण देऊ नये असंच आम्हाला वाटतं. घरातल्या रागाची किंमत अशी बाळाला मोजावी लागते, आणि मला हे अतिशय लागतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. बाळ पडल्या पडल्या जोरात रडलं तर ते चांगलं लक्षण आहे. त्याला जवळ घ्या, अंगावर पाजा. टेंगूळ आलं असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ टेकवा, थेट त्वचेवर नको. आपल्याकडे टेंगूळ जिरवायचं म्हणून ते तळव्याने दाबून चोळतात. कृपा करून चोळू नका, आतला रक्तस्राव त्याने वाढू शकतो. जखम असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, तिच्यात हळद, चुना, कॉफी भरू नका. आजीला मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या असतील तर त्यांनी खुशाल टाकाव्यात. त्यांचा जीवही घाबरलेला असतो. फक्त दवाखान्याला त्यापायी उशीर नको.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ पडलं तर ते बरं दिसत असलं तरी दाखवून घ्या. मोठ्या बाळाचं भान हरपलं, ते पुन्हा पुन्हा उलट्या करू लागलं, झटका आला, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, टाळू फुगलेली वाटली, रडणं काही केल्या थांबेना किंवा नेहमीच्या झोपेच्या वेळेशिवाय ते गळून झोपू लागलं आणि उठवलं तरी नीट जागं होईना, तर क्षणभर थांबू नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

डोक्याला लागलेल्या बाळाला झोपू द्यायचं नाही, असं घरोघरी सांगतात. रडून दमलेलं बाळ झोपणारच. वर सांगितलेलं काही दिसत नसेल तर त्याला त्याच्या वेळेला झोपू द्या, मात्र ते नेहमीसारखं जागं होतं ना, हे बघत राहा. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायचं.

पुन्हा पडू नये म्हणून पलंग काही दिवस बाजूला ठेवून गादी जमिनीवर घातली तर सगळ्यांत बरं. उशांची भिंत रचू नका. बाळ ती ओलांडतं, आणि उशीत नाक दबून गुदमरण्याची भीती वेगळीच. ओट्यावर, टेबलावर किंवा सोफ्यावर बाळाला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, एक हात त्याच्या अंगावर हवा. चाकाचा वॉकर कोणी बारशाला दिला असेल तर तो वापरू नका. जिन्यावरून गडगडणाऱ्या मुलांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली.

आणि बाबांना माझं एक सांगणं आहे. दवाखान्यात निघण्याआधी किंवा रिक्षात बसल्यावर बायकोला शांतपणे विचारा, नेमकं काय झालं. ती सांगेल ते मोबाईलवर लिहून घ्या: किती वाजता पडलं, कुठून, कशावर, लगेच रडलं का, नंतर प्यायलं का, उलटी झाली का. आमच्यासमोर आल्यावर तिला पुढच्या खुर्चीत बसवा, बाळ तिच्या मांडीवर द्या, आणि मध्ये कोणी बोलू लागलं तर त्यांना थांबवा. त्या रात्री बाळाला उठून उठून बघण्याचं काम तुम्ही घ्या. दिवसभर तिने पुरेसं सोसलेलं असतं, तिला झोपू द्या.