घरच्या संगणकाची निगा

खंडेनवमीच्या दिवशीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत पाटावर जीं आयुधें मांडलीं जातात, त्यांत अलीकडे एका यंत्राची भर पडली आहे. विळी, कातर, हातोडी, मुलांचीं पुस्तकें यांच्या पंक्तींत संगणकालाही हळदकुंकू वाहतात, झेंडूचें फूल ठेवतात आणि उदबत्ती ओवाळतात. भाव उत्तम आहे. परंतु हळदकुंकवाची चिमूट कळफलकाच्या फटींतून आंत उतरते, उदबत्तीची राख पंख्याच्या जाळीवर बसते, आणि पूजेचा दिवस सरला कीं वर्षभर त्या यंत्राच्या प्रकृतीची कोणी चौकशी करीत नाहीं. पुढें यंत्र मंद झालें म्हणजे घरचे वडील म्हणतात, “आतां हें जुनें झालें.” चिरंजीव म्हणतात, “बाबा, यांत व्हायरस शिरला आहे.” पुष्कळदां दोघांचाही तर्क चुकलेला असतो, आणि त्या तर्कापायीं हजारों रुपये मात्र खर्च होतात.

मंदपणाचें पहिलें कारण धूळ. संगणकाचा प्रोसेसर काम करूं लागला कीं तापतो. ती उष्णता वाहून नेण्यासाठीं त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा व त्याला लागून पंखा बसविलेला असतो. त्या पात्यांच्या फटींत धूळ, कापसाचे तंतू व केस यांचा थर जमला कीं हवा खेळेनाशी होते. प्रोसेसर आपलें उष्णमान आपणच मोजीत असतो. तें मर्यादेबाहेर जाऊं लागलें म्हणजे जळून जाऊं नये यासाठीं तो स्वतःची गति उतरवितो. जें यंत्र सकाळीं चपळ असतें आणि वैशाखांतल्या दुपारीं रेंगाळूं लागतें, ज्याचा पंखा सदोदित घरघर करतो, त्याच्या बाबतींत प्रथम कुंचला हातीं घ्यावा.

ही सफाई घरीं करण्याजोगी आहे. वीज बंद करून प्लग भिंतींतून काढावा, पेटीची बाजू उघडावी आणि आंतल्या भागांस हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कारण अंगावरील स्थिर विजेची बारीकशी ठिणगीही तेथील नाजूक भागांस घातक होऊं शकते. नंतर मऊ, कोरड्या कुंचल्यानें किंवा हवेच्या झोतानें धूळ काढावी. झोत सोडतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहींतर तें भलत्या वेगानें गरगर फिरून त्याचें बेअरिंग बिघडतें. घर झाडण्याच्या व्हॅक्यूम यंत्राची नळी आंत घालूं नये. तिच्यामुळें स्थिर वीज उत्पन्न होते. पडद्यावर पाणी अथवा कांच पुसण्याचें औषध फवारूं नये. मऊ फडकें किंचित् ओलें करून त्यानें पडदा पुसावा. लॅपटॉपचें पोट उघडणें हें मात्र कसबी माणसाचेंच काम. त्याच्या बाबतींत घरच्यांनीं एवढेंच पाळावें कीं, तो गादीवर किंवा उशीवर ठेवूं नये. बहुतेकांत हवा घेण्याच्या फटी खालच्या अंगाला असतात व त्या कापसानें बुजतात. कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्याचे चार महिने यंत्र झांकून ठेवण्याची चाल आहे. तसें करण्यापेक्षां तें दोनचार दिवसांनीं थोडा वेळ चालवावें. चालत्या यंत्राच्या उबेनें ओल बसत नाहीं.

आतां दुसरें कारण. संगणकांत काम करण्याची जागा आणि वस्तू ठेवण्याची जागा अशा दोन निराळ्या जागा असतात, व त्यांची गल्लत फार होते. लिहिण्याचें मेज आणि पुस्तकांचें कपाट यांत जो भेद, तोच रॅम आणि डिस्क यांत. मेज लहान असेल आणि त्यावर वीस वह्या एकदम पसरल्या असतील, तर प्रत्येक वेळीं एक वही कपाटांत ठेवून दुसरी काढावी लागते. एका वेळीं ब्राउझरचीं चाळीस पानें उघडीं ठेवणाऱ्या घरांत नेमकें हेंच चालतें. शिवाय कित्येक प्रोग्रॅम असे असतात कीं, एकदां घरांत घेतले कीं यंत्र सुरू होतांच न बोलावतां मेजावर येऊन बसतात. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो; त्यांतील स्टार्टअपच्या यादींत या आगंतुकांचीं नांवें सांपडतात. ज्यांचें नित्य काम नाहीं त्यांना तेथें रजा द्यावी. त्यानें प्रोग्रॅम नाहींसा होत नाहीं, बोलावल्यावांचून येत नाहीं, एवढेंच. ज्याचें नांव ओळखीचें नसेल तें मात्र चौकशी केल्यावांचून बंद करूं नये.

कपाटाचीही एक गोष्ट आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्यें फिरत्या तबकड्या असून ग्रामोफोनच्या सुईप्रमाणें एक दांडा त्यांवरून इकडून तिकडे हिंडत असतो. नव्या एसएसडींत हालणारा भागच नाहीं, त्यामुळें हवी ती वस्तू तिला तत्काळ सांपडते. मंदावलेलें यंत्र टाकून नवें घेण्याच्या विचारांत जें कुटुंब असेल, त्यानें आधीं जुन्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसवून पाहावी. इतक्या थोड्या खर्चांत एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय बहुधा सांपडणार नाहीं. जुन्या डिस्कवरील विस्कळीत सामान लावून घेण्याची डिफ्रॅग नांवाची जी क्रिया आहे, ती एसएसडीला मुळींच करावी लागत नाहीं. दोन्ही प्रकारांत कपाट गच्च भरूं न देतां एकदशांश ते एकपंचमांश जागा मोकळी ठेवावी.

संगणक झाडून पुसून वेगवान् करून देतों अशी जाहिरात करणारे प्रोग्रॅम बाजारांत पुष्कळ आहेत. त्यांविषयीं थोडी कठोर भाषा वापरली तरी ती अन्यायाची होणार नाहीं. विंडोजमध्यें नको असलेल्या फाइली काढण्याची सोय मूळचीच आहे, आणि रजिस्ट्री साफ केल्यानें वेग वाढतो हा समज निराधार आहे. २०१७ सालीं तर एक चमत्कारिक प्रकार घडला. सीक्लीनर हा सफाईचा प्रोग्रॅम जगभर लोकप्रिय व प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध होता. त्या वर्षीं ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत चोरट्यांनीं त्याच्या कारखान्यांतच शिरून मूळ प्रतींत आपली विषारी भर घातली, आणि वीस लाखांहून अधिक संगणकांवर ती प्रत गेली. मोलकरणीच्या टोपलींतूनच साप घरांत यावा असा तो प्रसंग होता.

येथें व्हायरसचा विषय येतो. व्हायरस म्हणजे कांहीं जंतु नव्हे. तो मनुष्यानेंच लिहिलेला, स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम होय. अमेरिकेंत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानें १९८३ सालीं असे प्रयोग केले, तेव्हां त्याचे गुरु लेनर्ड ॲडलमन यांनीं त्याला हें नांव सुचविलें. १९८६ सालीं लाहोरांतील दोन भावांनीं ब्रेन नांवाचा व्हायरस लिहिला. आपल्या प्रोग्रॅमची चोरून नक्कल करणारांना अद्दल घडावी हा त्यांचा हेतु होता, आणि गंमत अशी कीं, त्यांनीं त्यांत स्वतःचीं नांवें, पत्ता व टेलिफोनही लिहून ठेवला होता! पुढें हे उपद्रव भारतांतही येऊन पोंचले. पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून आरंभ केलेले कैलास काटकर व त्यांचे धाकटे बंधु संजय काटकर यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांवर जो उतारा तयार केला, तोच क्विक हील या नांवानें घरोघर गेला.

ब्रेनच्या काळची थट्टामस्करी आतां उरली नाहीं. मे २००० मध्यें फिलिपाइन्समधून निघालेलें एक टपालपत्र दिवसभरांत जगभर पसरलें. त्याच्या मथळ्यावर प्रेमाची कबुली होती आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल होती. वाचणाराला ती साधा मजकूर वाटे, कारण विंडोज फाइलच्या नांवाचा शेवटचा तुकडा लपवून ठेवीत असे. त्या लपलेल्या तुकड्यावरून तो मजकूर नसून प्रोग्रॅम आहे हें कळलें असतें. ज्यांनीं तें पत्र उघडलें त्यांचीं छायाचित्रें नष्ट झालीं. हा तुकडा लपविण्याची पद्धत विंडोजमध्यें आजही मूळची म्हणून चालू असते. ती बंद करून प्रत्येक फाइलचें पूर्ण नांव दिसेल असें करून ठेवावें. हें काम एका मिनिटाचें आहे.

पुढचें संकट तर पत्र उघडण्याचीही वाट पाहत नव्हतें. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा किडा एका संगणकांतून दुसऱ्यांत आपण होऊन शिरूं लागला, सर्व फाइलींना कुलूप ठोकूं लागला आणि किल्लीसाठीं खंडणी मागूं लागला. सुमारें १५० देशांतील दोन लाखांवर यंत्रें त्याच्या तावडींत सांपडलीं. इंग्लंडांतील कित्येक इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रांतून हा किडा शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधीं, दिली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसवून घेतली त्यांच्या यंत्रांत त्याला ती वाट मिळाली नाहीं. ‘अपडेट करावें काय?’ हा प्रश्न पडद्यावर आला कीं ‘नंतर’ असें उत्तर देण्याची जी संवय घरोघर दिसते, तिची किंमत यावरून करावी. विंडोज १० ची नित्याची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्यांचें यंत्र विंडोज ११ पेलत नसेल, त्यांनीं त्यावर लिनक्स बसवावें. तें मोफत असून जुन्या यंत्रावर बरें चालतें. दुरुस्ती न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचा व्यवहार करणें मात्र थांबवावें.

आपल्याकडे व्हायरस घरांत येण्याचा राजमार्ग झेरॉक्सच्या दुकानांतून जातो. मुलगी प्रकल्पाचीं पानें छापून घेण्यासाठीं पेन ड्राइव्ह नेते, दुकानदार तो दिवसभर शंभर जणांचे ड्राइव्ह लावलेल्या यंत्राला लावतो, आणि घरीं येऊन पाहावें तों सगळे फोल्डर नाहींसे होऊन त्यांच्या जागीं वाकड्या बाणाचीं लहान चित्रें उमटलेलीं! घरांत रडारड होते. कोणी तरी ड्राइव्ह फॉर्मॅट करण्याचा सल्ला देतो. तो सल्ला ऐकूं नये. या व्हायरसांत मूळ फाइली बहुधा शाबूत असतात, त्या फक्त लपविलेल्या असतात. बाणाच्या चित्रांवर क्लिक न करतां ड्राइव्ह अँटिव्हायरसनें तपासावा, आणि लपलेल्या फाइली दाखविण्याची सोय चालू करून सामान बाहेर काढावें. दुकानांत नेण्यासाठीं एक निराळा, रिकामा ड्राइव्ह ठेवावा व त्यावर छापायची तेवढीच फाइल न्यावी.

विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरगुती कामाला पुरेसा आहे. विकत घ्यावयाचा असल्यास एकच घ्यावा. दोन पहारेकरी एकाच दारावर ठेवले तर ते एकमेकांनाच अडवितात. भारत सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही सफाईचीं साधनें विनामूल्य मिळतात. फुकट म्हणून चोरीचे प्रोग्रॅम मात्र घेऊं नयेत. ते बसवितांना ‘अँटिव्हायरस क्षणभर बंद करा’ अशी सूचना असते, आणि तो क्षणच चोराला हवा असतो. मुलांसाठीं वेगळें खातें काढून त्यांना यंत्राचे सर्वाधिकार देऊं नयेत. वडिलांनींही नित्याचें काम तशाच साध्या खात्यावर करावें. कांहीं नवें बसवावयाचें झालें तर यंत्र परवलीचा शब्द विचारतें, आणि तेवढ्यांत मनुष्याला विचार करण्यास उसंत मिळते.

सेवानिवृत्त व एकट्या राहणाऱ्या मंडळींना याहून मोठा धोका संगणकाबाहेरून असतो. पडद्यावर एकाएकीं भोंगा वाजूं लागतो, ‘तुमच्या यंत्रांत व्हायरस आहे, या क्रमांकावर बोला’ अशी तांबडी पाटी दिसते. पलीकडचा मनुष्य अत्यंत अदबीनें ‘काका, काळजी करूं नका’ म्हणतो, एक लहानसा प्रोग्रॅम बसवावयास लावतो, आणि मग आपल्या गांवांत बसून काकांचा संगणक स्वतः चालवूं लागतो. त्यानंतर बँकेचें पान उघडलें कीं जन्माची शिल्लक गेली. खरी कंपनी आपण होऊन कोणाच्या व्हायरसची चौकशी करीत नाहीं. भोंगा वाजला तर पडदा बंद होईपर्यंत यंत्राची कळ दाबून धरावी. पैसे गेलेच, तर लाजेखातर तें मुलांपासून लपवूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या कांहीं तासांत तक्रार झाली तर पैसे मधल्या मध्यें अडविले जाण्याचा संभव असतो.

राहतां राहिलीं घरचीं छायाचित्रें. आजोबांचा अखेरचा वाढदिवस, लेकीचें लग्न, नातवाचें बारसें हें सारें आतां अल्बमांत नसून डिस्कवर असतें, आणि खंडणीवाल्या व्हायरसानें एकदां कुलूप लावलें कीं अनेकदां तें कोणत्याही तज्ज्ञाला उघडत नाहीं. यासाठीं बाहेरून जोडावयाची एक डिस्क घ्यावी व महिन्यांतून एकदां सर्व कांहीं तिच्यावर उतरवावें. प्रत झाली कीं ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कलाही तेंच कुलूप लागतें. दुसरी एक प्रत दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या भावाकडे किंवा मुलीकडे असावी, म्हणजे आग, पूर किंवा चोरी झाली तरी ती वांचते. आणि सहा महिन्यांनीं कपाटांतील डिस्क जोडून तींतील दहापांच छायाचित्रें उघडून पाहावींत. उतरविलेली प्रत उघडत नाहीं असा अनुभव पुष्कळांना नेमका गरजेच्या दिवशींच येतो.